लाइन नसली तरी

३ एप्रिल, गुरुवार

लाइन कापली!

सकाळी शटर उघडलं, बटन दाबलं — काहीच नाही. फ्यूज पाहला. बराबर. बाहेर येऊन मीटरकडे पाहलं तर घराकडे जाणारी वायर आहे अन् दुकानाची तेवढीच काढली. पकडीनं, साफ. टोकाले टेपही गुंडाळला. भाऊजींचं काम असंच, नीटनेटकं.

हरिसिंग भाऊजी ओट्यावर चहा पीत बसले होते. विचारलं. म्हणे, "मीटर माह्या नावावर हाये, वहिनी. दुकान कृषी केंद्रवाल्याले भाड्यानं द्यायचं ठरलं. बाईमाणसानं रोडवर ठिणग्या उडवत बसनं बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! शंकर होता तेव्हा नऊ वर्षं मी त्याच्या बाजूले बसून पाइप धरला, भोकं पाडली, ग्राइंडर चालवला. तेव्हा कोणाच्या डोळ्यात खुपलं नाही. त्याले जाऊन दोन दिवाळ्या झाल्या, आता खुपते. भावाचं दुकान भावाच्या बायकोचं कसं असंन — खरं दुखणं ते आहे.

सासू दारात सूप घेऊन बसली होती, भाऊजींची याडी — आमच्या तांड्यात आईले याडीच म्हणतात. सगळं ऐकलं तिनं. मान वर केली नाही.

४ एप्रिल

दिवसभर दुकानात बसली. नुसती. काम काही नाही, अर्धं झालेलं गेट भिंतीले टेकून. पण शटर उघडं आहे हे पूर्ण रोडले दिसलं पायजे.

५ एप्रिल

आज हात चालले!

शंकरनं बॅटरीचा एक ड्रिल घेऊन ठेवला होता. बॅटरी त्याची एवढीशी, मुठीत मावणारी. "खेळणं हाये ते," म्हणायचा अन् फळीवर ठेवून द्यायचा. आज तो काढला, झटकला, बटन दाबलं — फिरला! पिठाच्या चक्कीवाल्या मथुराबाईच्या दाराची कडी कधीची निखळून पडली होती. गेली अन् बसवून दिली.

मथुराबाई बौद्ध वस्तीतली, रोडच्या पलीकडची. नवरा गेल्यावर चक्की तिनंच चालवली, तिलेही लोकांनी काय काय ऐकवलं असंन. मले विचारते, "चार्ज कुठं करतं वं हे?"

म्हटलं, "तेच तर. घरी बोर्डाले लावलं तर भाऊजी तेही काढतीन."

तिनं चक्कीच्या मोटरीवरचा पिठाचा थर पदरानं पुसला, बाजूचा बोर्ड दाखवला. "इथं लाव. अन् कोणी विचारलं तर माह्याकडे धाड."

घरी येताना डोक्यात एकच — खेळण्यानं कडी बसते. मोठ्या बॅटरीनं काय काय होईन?

७ एप्रिल, सोमवार

ठरलं. वेल्डिंग मशीन देऊन टाकायची.

लाइन नाही तर ती मशीन म्हणजे नुसतं लोखंड. यवतमाळले रोशनच्या दुकानात जुन्या मशीनच्या बदल्यात नवं सामान देतात, शंकर सांगायचा. तिच्या बदल्यात बॅटरीचा ग्राइंडर अन् मोठ्या बॅटऱ्या. वेल्डिंगची कामं सोडायची, फिटिंगची धरायची. टिनं, खिडक्या, दारं, जाळ्या. लोकांच्या घरी जाऊन.

सकाळीच श्रावणच्या पिकअपमध्ये मशीन चढवली. श्रावण आमच्या तांड्यातलाच, भाजीची गाडी नेतो रोज. चढवताना दोरी माह्याच हातात होती. शंकरच्या हाताचा तेलकट डाग अजून आहे मुठीवर. पाहला अन् मग पाहलं नाही.

भाऊजी धावत आले. "भावाची निशानी विकून राह्यली! लाज वाटत नाही?"

म्हटलं, "निशानी भुकी ठेवून भिंतीले टेकवली तुम्ही. मी तिले कामाले लावून राह्यली."

श्रावणनं गिअर टाकला. बरं केलं, नाही तर मी रडलीच असती, तेही त्यांच्यासमोर.

८ एप्रिल

यवतमाळहून ग्राइंडर घेऊन आली. दोन बॅटऱ्या आल्या. एक जाड, वजनदार, विटेसारखी. दुसरी रोशननं फुकट दिल्यासारखी दिली — वर सोनेरी स्टिकर, 'डबल पावर'. म्हणे, "ताई, ही त्या मोठीच्या दुप्पट चालते." उचलली तर हलकी लागली. तरी थैल्यात टाकली. या सामानात मी नवीन होती.

१० एप्रिल

ग्राइंडर म्हणजे राक्षस! ड्रिल दिवसभर घोट घोट पिते, ग्राइंडर एका दमात सगळं पिऊन टाकतो. लोखंडाचा अँगल कापायले लावला की बॅटरीचे दिवे पाहता पाहता उतरतात. चार, तीन, दोन. आधी वाटलं बॅटरीच खराब. मग समजलं, मी दाबून राह्यली. लाइनच्या ग्राइंडरले दाबायची सवय. बॅटरीवाल्याले दाबायचं नाही, त्याच्या चालीनं कापू द्यायचं. कापायचं गोल पान नवीन ठेवायचं. मधी दम घ्यायचा. तसं केलं तर एकाच बॅटरीत जवळजवळ दुप्पट काम निघालं.

लाइन होती तेव्हा कधी विचारच केला नव्हता की एक कट म्हणजे किती ताकद. आता प्रत्येक कट आधी डोक्यात कापते, मग हातानं.

१३ एप्रिल, रविवार

कसं लिहू. तोंड काळं झालं आज.

उद्या चौदा एप्रिल. वस्तीत जयंतीची कमान उभी करायची होती. दरवर्षी महागावचा माणूस येतो, यंदा मथुराबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "अंजूले द्या." मोठ्या बॅटरीवर अर्धी कमान उभी केली. पोरं बघायले जमली, मांडवावर पताका लागत होत्या. मोठी बॅटरी संपली तशी सोनेरी लावली — डबल पावर! दोन अँगल कापले नाहीत तर गप. दिवा लाल. मी शिडीवर, खाली सगळे.

कोणीतरी हसलं. कोण ते मी पाहलं नाही.

मग काय, हॅक्सॉ. हातानं कापलं. वस्तीतली माणसं एकेक करून आली, पाते बदलून बदलून. कमान उभी झाली, वाकडी नाही झाली. पण खांदे जळतात, अन् त्याहून जास्त आत काहीतरी जळते.

परवा यवतमाळ. पहिल्या एसटीनं.

१५ एप्रिल

आल्या आल्या लिहून ठेवते, नाही तर हसू विरून जाईन.

रोशनच्या दुकानात भर गर्दी. बॅटरी काउंटरवर ठेवली. म्हणे, "ताई, इलेक्ट्रिकचा माल वापस नाही होत. पाटी वाच."

म्हटलं, "वापस नाही मागून राह्यली. चालवून दाखव म्हणून राह्यली."

ती अन् मोठी, दोन्ही चक्कीवर पूर्ण चार्ज करून नेल्या होत्या. त्याच्याच दुकानातला ग्राइंडर घेतला, त्याच्याच दारातला जुना पाइप घेतला, फुटपाथवर बसली अन् कापायले लागली. ठिणग्या! लोकं थांबले. एक कट. दुसरा कट अर्ध्यात — बंद. मग मोठीले त्याच ग्राइंडरले लावलं. कट, कट, कट, कट. कोणी मोजत होतं मोठ्यानं. मी नाही.

रोशन लाल झाला. "मलेही वरूनच तसं आलं ताई, आईच्यान!"

असंन. मले काय करायचं? मी दारातून उठली नाही. गिऱ्हाईकं अंगावरून ओलांडून जाऊन राह्यले. शेवटी त्यानं आतून दुसरी आणून दिली — जाड, वजनदार, पहिलीची बहीण. वर कापायची पानंही दिली.

एसटीत खिडकीजवळ बसली. दोन्ही मोठ्या बॅटऱ्या मांडीवर. दारव्ह्यापर्यंत एकटीच हसत होती, बाजूची बाई सरकून बसली.

२२ एप्रिल

काम येऊन राह्यलं. अंगणवाडीच्या विमलताईंनी खिडक्यांच्या जाळ्या सांगतल्या. बांधावरच्या एका गोठ्याचं टिन. जिथं लाइनच नाही तिथं मीच पोचते — हे लोकांच्या लक्षात येऊन राह्यलं. शेतात, विहिरीवर, पुलाखाली.

ऊन मात्र वैरी आहे. बॅटरीले ऊन लागलं की ती रुसते. हाताले चटका बसतो, चार्जरले लावली तर चार्जर तिले घेतच नाही, दिवा लुकलुकत राहतो. ओलं फडकं लावायची सोय नाही, पाणी गेलं तर मेलीच. मग सापडलं — माठाखालची वाळू. वर माठ, खाली थंडगार वाळू, तिच्यावर कोरडं पोतं, पोत्यावर बॅटरी. सावलीत. थोड्या वेळात माणसात येते.

१ मे

त्रेचाळीस डिग्री. काम केलं.

६ मे, मंगळवार

आज नायकाच्या ओट्यावर बोलावलं. तांड्याचा नायक शामसिंग, भाऊजी, अन् चार म्हातारे. सासूही बायकांच्या बाजूले बसली होती.

नायक चांगलं बोलला, वाईट नाही. "अंजू, तू पोरीसारखी. पण घराची गोष्ट घरात राहावी. हरी म्हणते तू खा, पी, राहा. दुकान सोड."

भाऊजी मधी बोलले. "तिचं इथं काय हाये? शंकरच्या नावाचं एक पोरगं तरी हाये का?"

नऊ वर्षं दवाखाने मी केले, शंकरनं केले, अंगारे-धुपारे सासूनं केले. ते सगळं भाऊजीले माहीत आहे. तरी बोलले.

उभी झाली. म्हटलं, "पोरगं नाही, हात हायेत. हे दोन. शंकरनं शिकवलेले. हे कोणाच्या नावावर चढवता, सांगा."

अन् निघून आली. सासू तिथंच बसून राह्यली. तिच्या मांडीवर वाढलेला माणूस मी नेला असं तिले वाटते की काय? वाटू दे.

७ मे

शटर वेळेवर उघडलं.

१४ मे

कृषी केंद्रवाला टेप घेऊन आला, दुकान मोजायले. मी आत बसून ड्रिल साफ करत होती. म्हटलं, "मोजा, मोजा. माह्यासकट मोजा." पळाला.

२१ मे, बुधवार

काल लिहायची ताकद नव्हती.

दुपारी आभाळ पिवळं झालं अन् वादळ आलं. पाऊस कमी, वारा जास्त. टिनं पत्त्यांसारखी उडाली. रोडचे खांब आडवे, तारा जमिनीवर. पूर्ण तांड्याची लाइन गेली, वस्तीची गेली. आता सगळेच माह्यासारखे!

तेवढ्यात आरडाओरडा. बसंतीबाईच्या घरावर कडुनिंब पडला. बसंतीबाई म्हणजे एकटी म्हातारी, तांड्याच्या टोकाले राहते, सगळ्यांच्या बाळंतपणाले धावणारी. छताचे पाइप वाकून तिच्या खाटेवर बसले होते. ती खाली. आवाज येत होता. "पाय, माहा पाय" — एवढंच.

पंधरा-वीस माणसं झाडाले लागली. भाऊजी सगळ्यांत पुढं. "ओढा! जोर लावा!" ओढलं की पाइप आणखी खाली बसत होते, अन् ती किंचाळत होती.

मी ओरडली, "ओढू नका! कापावं लागंन!"

कोणीतरी म्हणालं, "लाइन कुठं हाये कापायले?"

मी तोपर्यंत दुकानाकडे पळाली होती. दोन्ही मोठ्या बॅटऱ्या त्या सकाळीच चक्कीवरून आणल्या होत्या, भरलेल्या. देव मानत नाही मी फारसा, पण काल मानला.

परत आली तर ठिणग्यांची भीती. बसंतीबाईच्या अंगावर, लुगड्यावर पडल्या तर? मी काही म्हणायच्या आधी सासू आली — पाण्यात बुडवलेली गोधडी घेऊन. स्वतः आत रांगत गेली अन् बसंतीबाईवर पांघरली. तिच्या तोंडावर आपला हात धरला. म्हणाली, "काप."

भाऊजीले म्हटलं, "हा पाइप खांद्यावर घ्या. मी म्हणीन तोपर्यंत सोडायचा नाही." पहिल्यांदा त्यांनी माह्यं ऐकलं. खांदा लावला.

दाबायचं नाही. दाबायचं नाही. मनात तेच म्हणत होती. पहिला पाइप. दुसरा. तिसरा जाड, जुना, तिथं पहिली बॅटरी संपली. दुसरी लावली. चौथा. पाचवा कापताना ग्राइंडर थांबला. संपली नव्हती, तापली होती! फुंकर मारत बसायले वेळ नव्हता. मथुराबाई रोड ओलांडून आलती, तिनं हातातली बॅटरी ओढून घेतली अन् सावलीत फडक्यानं वारा घालत बसली, जशी तापलेल्या लेकराले घालतात. थोड्या वेळानं चालली. पाचवा सुटला. अन् शेवटचा राह्यला तर दिवा लाल. गेली.

सगळे माह्याकडे पाहून राह्यले. बसंतीबाईचा आवाज बारीक झाला होता.

खेळणं आठवलं. शंकरचा ड्रिल, मुठीतली बॅटरी, थैल्यातच होता. तिनं ग्राइंडर दोन घोटही चालला नसता, पण ड्रिल चालतो. पाइपच्या एकाच रेषेवर भोकं पाडत गेली. एकाले लागून एक, एकाले लागून एक. वरून, बाजूनं, खालून हात घालून. मनगट सुजलं आहे आज. भोकांची माळ पूर्ण झाली तशी म्हटलं, "भाऊजी, आता वाकवा. वर. खाली नाही, वर!"

कडाड झालं. सुटला.

बसंतीबाईचा पाय मोडला आहे. पण जिवंत आहे. एकशे आठची गाडी रोडवर खांब आडवे म्हणून पोचली नाही, श्रावणच्या पिकअपमध्येच टाकून यवतमाळले नेली. जाताना तिनं माह्या गालाले हात लावला. हाताले चुना होता, पान खायचा. तो मी काल पुसलाच नाही.

२२ मे

टिनं, टिनं, टिनं. महागावले लाइन आहे, आपल्याकडे नाही. श्रावण सकाळी बॅटऱ्या नेतो, हॉटेलात चार्जिंगले लावतो, दुपारी आणतो. आज सात घरं झाकली. वस्तीतली आधी — तिथं लहान लेकरं जास्त.

भाऊजी म्हणाले, "आपलं घर?"

म्हटलं, "नंबर येईन तेव्हा."

२४ मे, शनिवार

लाइन आली. तांड्यात अन् दुकानातही! भाऊजींनी स्वतः वायर जोडली. सकाळी शटर उघडून पाहते तर बल्ब चालू.

ओट्यावर बसवलं मले, चहा दिला. म्हणे, "वहिनी, झालं गेलं सोड. कृषी केंद्रवाल्याले नाही म्हणून सांगतलं. मोठा बोर्ड लावू. हरिसिंग फॅब्रिकेशन. नवीन वेल्डिंग मशीन आणतो. काम तू कर, लोकांशी बोलनं मी पाहतो. बाईले लोकं फसवतात."

"कोणाच्या नावाचा बोर्ड म्हणालात?"

"म्हणजे घराचंच नाव ना शेवटी."

खरं लिहायचं तर क्षणभर वाटलं, हो म्हणावं. बल्ब चालू होता. दोन महिने मी त्या बल्बसाठीच भांडली. ते अर्धं गेट पूर्ण करता आलं असतं. थकली आहे मी. खरंच थकली आहे.

मग मनात आलं, जी वायर यांनी पकडीनं कापली तीच यांनी जोडली. म्हणजे उद्या पुन्हा कापता येते. पकड त्यांच्याच खिशात आहे.

"उद्या सांगते," म्हटलं.

२५ मे

मथुराबाईच्या चक्कीले लागून टिनाचं पडवीसारखं आहे, पोती ठेवायचं. पाहून आली. चार्जर ठेवता येतात. माठ ठेवता येतो. बाकी दुकान म्हणजे काय — शंकरची मोटरसायकल उभीच आहे, तिच्या मागं एक पेटी. काम जिथं, दुकान तिथं.

मथुराबाईनं फक्त विचारलं, "सासूले सांगतलं?"

म्हटलं, "तिले काय सांगायचं? ती तिच्या लेकाची."

२६ मे, सोमवार

शटर खाली घेतलं. चावी भाऊजींच्या हातात ठेवली. पेटी गाडीले बांधली, बॅटऱ्यांचा थैला हँडलले अडकवला. किक मारली अन् मागची सीट दबली.

सासू. काखेत बोचकं, दोन लुगड्यांचं. हँडलचा थैला काढून तिनं आपल्या मांडीवर घेतला. "सरक पुढं," म्हणे मले.

भाऊजी चावी हातात धरून ओट्यावरून ओरडले, "याडी! तू कुठं निघाली?"

"दुकानात."